शेगडी आत घेऊ नका
पावसाळ्यात बाहेर कणसं भाजण्याबद्दलच्या वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय की पावसाची सर आली की कोळशाची शेगडी पार्किंगमध्ये घ्या आणि शटर अर्धं ओढा. कृपया असं करू नका! कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. डोकं जड होऊन मळमळायला लागतं तोवर तो रक्तात भिनलेला असतो. राख धरलेले निखारेही कितीतरी वेळ तो सोडत राहतात, म्हणून रात्री तंबूत उबेला शेगडी तर नकोच नको.

साताऱ्याजवळच्या कास-ठोसेघरकडं पाऊस आडवा येतो. तिथं ताडपत्री माणसांसाठी बांधा, झाकणाची शेगडी तिच्यापासून लांब, उघड्यावर. प्लास्टिक झुकलं की वितळून निखाऱ्यावर ठिबकतं आणि पेट घेतं. कोळसा ओला झाला तर पेट्रोल अजिबात ओतू नका, भडका थेट अंगावर येतो. त्यापेक्षा कणसं घरी गॅसवर भाजा.