‘ध्वनित होते’ आणि ‘अनुमान काढता येते’

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत उताऱ्याखाली कधी ‘यावरून काय ध्वनित होते?’ असे विचारतात, तर कधी ‘कोणते अनुमान काढता येईल?’ साहित्यसमीक्षेचा उतारा असला की दोन पर्याय हमखास सारखे वाटतात. या दोन शब्दांत फरक धरायचा का?

उत्तर : परीक्षेपुरता धरू नका. साहित्यशास्त्रात मात्र यावरून मोठा वाद झाला. 9व्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीला, म्हणजे थेट न सांगता सुचवलेल्या अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटले, तो अर्थ व्यंजनेने, म्हणजे शब्दाच्या सुचवण्याच्या शक्तीने कळतो, असे त्याचे मत. 11व्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहिला तो हेच खोडायला. व्यंजना वेगळी मानायचे कारणच नाही, ध्वनी म्हणता ते अनुमानच, असे तो म्हणतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याचे म्हणणे खोडले आणि शास्त्रात आनंदवर्धनाचीच बाजू टिकली.

पर्याय निवडताना मात्र मी महिमभट्टाचे ऐकतो. अनुमानाला हेतू, म्हणजे दाखवता येईल असा आधार लागतो. डोंगरावर आग आहे म्हणायचे तर धूर दिसायला हवा. उताऱ्यात बोट ठेवून धूर दाखवता येत नसेल, तर पर्याय कितीही पटो, सोडून द्या.

मराठीत हा धूर पुष्कळदा एका अक्षरात असतो. समजा वाक्य आहे, ‘या कवीची निसर्गवर्णनेही वाचनीय आहेत.’ त्या ‘ही’वरून एवढेच निघते, की समीक्षकाला या कवीचे आणखीही काही वाचनीय वाटते. निसर्गवर्णने दुय्यम आहेत, हे त्यातून निघत नाही, आणि नेमका तोच पर्याय मोहात पाडतो. ‘निसर्गवर्णनेच’ असते, तर बाकीचे वाचनीय नाही हा निष्कर्ष पक्का.

प्रश्न : आणि ‘मानले जाते’? उदाहरणार्थ, ‘केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाते.’

उत्तर : पुढे ‘परंतु’ आहे का ते आधी बघा. असेल तर ते मत इतरांचे, समीक्षकाचे स्वतःचे त्यानंतर येणार. परिच्छेद त्याच दिशेने चालला असेल, तर त्यालाही ते मान्य आहे.

केशवसुतांवरच्या उताऱ्यात आणखी एक जपा. त्यांच्याबद्दल आपल्याला आधीच बरेच ठाऊक असते. त्यांनी मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता (सॉनेट) आणली, हा पर्याय खरा आहे म्हणून हात तिकडे जातो. पण उताऱ्यात सुनीताचा विषयच नसेल, तर त्याला गुण नाही.