मदत हवी आहे: अफगाणी कागदांवर येणारा चिनी बेदाणा, निवेदनात नेमकी मागणी काय करावी?

येरळाकाठ (तासगाव)
मंडळी, नमस्कार. तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत भागातल्या बेदाणा उत्पादकांचं निवेदन दिल्लीला पाठवायचं आहे. चीनचा माल अफगाणी म्हणून शिरतो आणि सौद्यात दर पडतो, अशी तक्रार आहे. मसुद्यातली पहिली मागणी "अफगाण बेदाण्याची आयात बंद करा" अशी आहे. ही मागणी दिल्लीत टिकेल का? नसेल तर कोणती टिकेल? आणि कागद नेमका कुणाच्या टेबलावर जायला हवा? परराष्ट्र धोरण किंवा कस्टम्सचं काम जाणणाऱ्यांनी कृपया लिहावं.

अग्रणी
बंदीची मागणी काढून टाका. तिच्यामुळे बाकीचं निवेदन कुणी वाचणारच नाही.

अफगाण सुकामेव्याला दिलेली सवलत हा दिल्लीच्या दृष्टीने शेतीचा विषय नाहीच, तो शेजारधोरणाचा भाग आहे. २००३ मध्ये दोन्ही देशांत प्राधान्य व्यापार करार झाला आणि त्यातल्या सवलती मुख्यतः सुकामेव्यालाच होत्या. २००७ मध्ये अफगाणिस्तान सार्कमध्ये आला. २०११ मध्ये भारताने सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठीची संवेदनशील वस्तूंची, म्हणजे ज्यांना शुल्कात सवलत मिळत नाही अशांची, यादी ४८० वरून २५ वर आणली, आणि उरलेल्या २५ मध्ये प्रामुख्याने दारू-तंबाखू आहे. म्हणून अफगाण बेदाणा शून्य शुल्कात येतो.

या दारासाठी भारताने पैसा आणि श्रमही ओतले आहेत. अफगाणिस्तानात झरंज–देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून दिला. जून २०१७ मध्ये हवाई मालवाहतूक मार्ग सुरू केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये इराणच्या चाबहार बंदरामार्गे पहिले २३ ट्रक निघाले, त्यातही सुकामेवा होता. तालिबान आल्यावर सगळं थांबेल असं वाटत होतं, पण जून २०२२ मध्ये काबूलमध्ये भारताचं तांत्रिक पथक परत गेलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले तेव्हा त्या पथकाला दूतावासाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. पाकिस्तानला वळसा घालून काबूलशी संबंध ठेवणं हे कोणत्याही पक्षाचं सरकार सोडणार नाही. तासगावच्या निवेदनामुळे तर नाहीच.

तुमचं भांडण अफगाण शेतकऱ्याशी नाही, खोट्या कागदाशी आहे. तेवढंच मांडा.

मिरज_जंक्शन
अग्रणींशी सहमत. आता कागदाचं बघू, कारण खरी ताकद तिथे आहे.

साफ्टाची, म्हणजे सार्क देशांच्या मुक्त व्यापार कराराची, सवलत मालाच्या उगमावर मिळते. माल पूर्णपणे त्या देशात पिकलेला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: मालाचं कस्टम्सच्या वर्गीकरणातलं चार अंकी शीर्षक बदललं पाहिजे, आणि अल्पविकसित देशात किमान ३० टक्के मूल्यवर्धन झालं पाहिजे. ताजी द्राक्षं आणि बेदाणा दोन्ही ०८०६ या एकाच शीर्षकात येतात. म्हणजे चिनी बेदाणा काबूलमध्ये धुऊन, निवडून नव्या खोक्यात भरला तरी तो अफगाणी होत नाही. चिनी द्राक्षं तिथे वाळवली तरीही होत नाही. हा मुद्दा निवेदनात ठळक हवा, कारण "तिथे प्रक्रिया केली आहे" ही पळवाट यानेच बंद होते.

दुसरी अट थेट वाहतुकीची. इराण आणि दुबई साफ्टाबाहेर आहेत. तिथून माल यायला हरकत नाही, पण तो तिथल्या बाजारात जाता कामा नये. उतरवणं, चढवणं आणि माल सुस्थितीत ठेवणं एवढीच कामं चालतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर अटारीचं ठाणं बंद झालं आणि ऑक्टोबरमध्ये पाक–अफगाण चकमकींनंतर त्यांच्या सीमेवरची तोरखम, चमन ही ठाणी बंद झाली, तेव्हा मालाला समुद्रमार्ग घ्यावा लागला. गडबडीला वाव तिथेच आहे. कंटेनर मधल्या बंदरातल्या गोदामात उघडला, माल बदलला किंवा मिसळला, आणि पुढे जुनंच अफगाणी प्रमाणपत्र जोडलं. चिनी मालाला त्यासाठी काबूल बघावंही लागत नाही. म्हणून मागणी अशी करा: अफगाणिस्तानातून निघाल्यापासून न्हावा शेवापर्यंतचं अखंड वाहतूक बिल आणि कंटेनरच्या सीलचे क्रमांक जुळल्याशिवाय सवलत देऊ नये.

तिसरं, कायदा आधीच आहे. सीमाशुल्क कायद्याचं कलम २८डीए आणि त्याखालचे २१ सप्टेंबर २०२० पासूनचे नियम, ज्यांना कारोटार म्हणतात. आयातदाराने उगमाची माहिती स्वतःजवळ पाच वर्षं ठेवायची. अधिकाऱ्याने मागितली तर कामाच्या १० दिवसांत द्यायची. समाधान झालं नाही तर पडताळणी निर्यातदार देशाकडे जाते, आणि तोवर शुल्कातल्या फरकाची हमी घेऊनच माल सुटतो. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर सवलत नाकारता येते.

काबूलमधला दूतावास इथे द्राक्षबागायतदाराच्या उपयोगाचा आहे. पडताळणीचं पत्र स्वीकारणारं, उत्तर देणारं कुणीतरी तिकडे लागतंच. दूतावास बळकट करायला विरोध नको, उलट तिथे व्यापार अधिकारी नेमा असं लिहा.

येरळाकाठ (तासगाव)
दोघांचेही आभार. पुरावा म्हणून काय जोडावं? काही जण म्हणतात रंगावरून ओळखता येतो.

मिरज_जंक्शन
रंगावर जाऊ नका. शिनजियांगच्या तुर्पानमध्येही बेदाणा हवेशीर खोल्यांत सावलीत वाळवतात, अफगाण किशमिशखान्यातही तसंच. आपल्याकडेही रॅकवर सावलीतच. हिरवट माल तिन्हीकडे निघतो, त्यामुळे हा मुद्दा सुनावणीत पाच मिनिटांत पडेल.

आकडे जोडा. वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात आकडेवारीत ०८०६२० हा बेदाण्याचा क्रमांक टाकून अफगाणिस्तान, इराण, अमिरात आणि चीन हे चार देश महिन्यानुसार काढा. शेजारच्या रकान्यात अटारी कधी बंद, कधी चालू ते लिहा. मग चीनच्या सीमाशुल्क खात्याची याच क्रमांकाची निर्यात, विशेषतः अमिरात आणि मध्य आशियाकडची, तपासा. रस्ता बंद असताना अफगाण आवक फुगली आणि त्याच महिन्यांत चीनची तिकडची निर्यातही फुगली, तर चौकशीला आधार मिळतो. हा पुरावा नव्हे, संशयाचं कारण आहे. निवेदनातही तेच शब्द वापरा.

कृष्णाकाठचा_वाचक
किमान आयात किंमत, म्हणजे जिच्याखाली माल आणताच येत नाही अशी किंमत, मागितली तर? डिसेंबर २०१७ मध्ये काळ्या मिरीला किलोला ५०० रुपयांची लावली होती. तक्रार हीच होती, व्हिएतनामची मिरी श्रीलंकेच्या सवलतीत येते.

अग्रणी
दाखला चोख आहे, जरूर द्या. पण तिचा दोष माहीत असू द्या: किंमत बिलावर लिहिलेली धरतात. शुल्क शून्य असेल तर बिल फुगवून दाखवायला आयातदाराला काहीच पडत नाही, जादा पैसे दुसऱ्या वाटेने परत येतात. म्हणून ती एकटी मागू नका, उगमाच्या तपासणीसोबत मागा.

अँटी-डंपिंगचा, म्हणजे परदेशी माल पाडलेल्या दरात येतो म्हणून त्यावर जादा शुल्क मागण्याचा, अर्ज मात्र घाईने करू नका. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशाच्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावं लागतं आणि प्रत्येकाचा खर्च-विक्रीचा हिशेब कागदावर लागतो. हजारो छोट्या बागायतदारांची तशी वही जमवणं हेच मोठं काम आहे. शिवाय माल चिनी आहे हे आधी सिद्ध झालं नाही तर शुल्क कुणाच्या मालावर लावणार?

मिरज_जंक्शन
कुणाला पाठवायचं ते राहिलं. उगमाची तपासणी अर्थ मंत्रालयाच्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाकडे. किमान किंमत विदेश व्यापार महासंचालनालयाकडे. ठोस माहिती असेल, म्हणजे कंटेनर क्रमांक, बंदर, तारीख, तर ती निवेदनात न घालता महसूल गुप्तचर संचालनालयाकडे स्वतंत्रपणे द्या. जाहीर केली की माल हलतो. कृषी मंत्रालयाला फक्त प्रत. सगळं एकाच पत्रात कोंबून तिकडे पाठवलं की ते "संबंधित विभागाकडे" फिरत राहतं.

खासदारांकडून लोकसभेत प्रश्न विचारायचा असेल तर नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. प्रश्न असा ठेवा: ०८०६२० खाली अफगाण उगमाच्या किती खेपांची पडताळणी मागवली, किती उत्तरं आली, किती सवलती नाकारल्या? याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं.

येरळाकाठ (तासगाव)
पहिली मागणी बदलून अशी लिहिली आहे: "अफगाणिस्तानात पिकलेल्या द्राक्षांच्या बेदाण्याला सवलत असावी; उगम आणि थेट वाहतूक सिद्ध न करणाऱ्या प्रत्येक खेपेवर पूर्ण शुल्क लावावं." चालेल?

अग्रणी
चालेल. "पूर्ण शुल्क लावावं"च्या आधी "पडताळणी होईपर्यंत हमी घ्यावी आणि त्यानंतर" एवढं घाला. थेट शुल्क मागितलं तर नियमातली मधली पायरीच वगळली जाते, आणि आयातदार तिथेच अपील जिंकतो.