खिडकीतून उष्णता नेमकी कुठून जाते, कसं शोधावं?

काच दुहेरी आहे, तरी थंडीत खिडकीपाशी गार लागतं. इन्फ्रारेड थर्मामीटर काचेवर दर वेळी वेगळाच आकडा दाखवतो. दोष काचेत की चौकटीत?

उत्तर १
काच समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करते, म्हणून आकडा फसवा येतो. काचेवर मॅट चिकटपट्टीचा तुकडा लावा, १० मिनिटांनी त्यावर मोजा. थर्मल कॅमेरा (तापमान रंगांत दाखवणारा) असेल तर पहाटे वापरा. आतबाहेर निदान १० अंशांचा फरक हवा. उन्हाने तापलेली भिंत तासन्‌तास खोटं चित्र दाखवते.

उत्तर २
आधी हवेची गळती तपासा. दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन चालू (गॅसचा गीझर, शेगडी बंदच हवी), पडदे बाजूला. उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर जाण्याऐवजी खोलीकडे झुकला की तिथे फट. खालचे कोपरे आणि कडीची बाजू सोडू नका. झडपेत कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबर पट्टी दबून चपटी झाली आहे, बदला.

उत्तर ३
धूर हलत नाही, तरी चौकट गार? मग धातूच्या चौकटीतूनच उष्णता जातेय, सीलंटने फरक पडणार नाही. आणि कृपया, चौकटीच्या तळातली निचऱ्याची भोकं बुजवू नका. पाणी आत साचतं.