बंद झालेल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि सेवक यांना जोडून कसे ठेवावे?

प्रश्न : माजी विद्यार्थिनी, नाशिकरोड

नाशिकरोड परिसरातील आमची मराठी माध्यमाची शाळा पटसंख्या घटत गेल्याने काही वर्षांपूर्वी बंद झाली. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांत झाले, काही जण निवृत्त झाले आणि इमारत संस्थेने दुसऱ्या कामासाठी घेतली. त्यामुळे चालू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना जे सहज मिळते, म्हणजे कार्यालय, स्नेहसंमेलनाचे निमित्त आणि पत्ता विचारण्यासाठी एखादा लिपिक, त्यांतले आमच्याकडे काहीही उरलेले नाही. आमच्यापैकी अनेकांचे वडील येथील नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते; ते निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटले आणि कुटुंबे पुणे, मुंबई किंवा मूळ गावी गेली. आज दहावीच्या वर्षांनुसार व्हॉट्सॲप गट आहेत, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि शिक्षक, लिपिक व शिपाई यांपैकी कोणीही त्यांत नाही. सर्वांना जोडणारी व्यवस्था उभी करताना सुरुवात कोठून करावी, आणि संस्था म्हणून नोंदणी करावी काय?

उत्तर 1 : निवृत्त मुख्याध्यापक, पंचवटी

ताई, मेळाव्यापासून सुरुवात करू नका, यादीपासून करा. मेळावा एक दिवस गाजतो आणि त्यानंतर पुन्हा सारे आपापल्या गटात परततात, कारण कोण कोठे आहे याची एकत्र नोंद कोणीच ठेवलेली नसते.

यादी करताना दहावीचे वर्ष हा एकमेव आधार मानू नये. पाचवीत दाखल होऊन सातवीनंतर वडिलांच्या बदलीमुळे गेलेला किंवा नववीत शाळा सुटलेला मुलगा दहावीच्या कोणत्याही गटात सापडत नाही, आणि माझ्या अनुभवात अशाच मुलांना शाळेची ओढ फार असते. म्हणून प्रवेशाचे वर्ष, सोडल्याचे वर्ष आणि तुकडी असे तीन रकाने ठेवावेत. मुलींच्या बाबतीत माहेरचे नाव आणि सध्याचे नाव ही दोन्ही नोंदवणे अत्यावश्यक आहे. वर्गातल्या मैत्रिणी शोधतात ते माहेरच्या नावाने, आणि फोनमध्ये असते ते सासरचे. विद्यार्थिनी यादीत कमी दिसतात त्याचे हे मोठे कारण आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दाखल्याची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, हे कायम जपायचे दप्तर असते. शाळा बंद झाल्यावर ते कोणाकडे सोपवले आहे, याची संस्थेकडे आणि शिक्षण विभागाकडे लेखी विचारणा करावी. मात्र त्यात जात, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे असतात. त्या पानांचे फोटो गटांमध्ये फिरवणे सर्वथा अयोग्य आहे. परवानगी मिळाल्यास केवळ नाव आणि वर्षे पडताळून घ्यावीत.

सेवकवर्गाचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. निवृत्त शिक्षक नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. बँकेकडे पत्ते मागू नयेत, ते मिळणारही नाहीत. पण त्या दिवसांत तेथे आपल्या शाळेचे एक सर जरी भेटले, तरी ते आणखी चौघांचा ठावठिकाणा सांगतात. शिपाई आणि मावशी यांची नावे यादीच्या शेवटी पुरवणी म्हणून जोडू नयेत. घंटा देणारा, पाणी भरणारा, रडणाऱ्या मुलाला घरी पोहोचवणारा माणूस सगळ्या पिढ्यांना माहीत असतो, आणि निरनिराळ्या वर्षांच्या गटांना एकत्र आणणारा खरा दुवा बहुधा तोच असतो.

उत्तर 2 : लेखापरीक्षक, सिडको

नोंदणीची घाई करू नये. सोसायटी नोंदणी अधिनियम, 1860 खाली संस्था स्थापन करण्यासाठी किमान सात व्यक्ती लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंदणी होते. त्यानंतर दरवर्षी हिशेबांची तपासणी आणि कार्यकारिणी बदलल्यास 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ही जबाबदारी कायमची मागे लागते. ज्यांना केवळ संपर्क ठेवायचा आहे त्यांनी हे ओझे घेऊ नये. शिष्यवृत्ती किंवा वृद्ध सेवकांच्या उपचारांसाठी नियमित निधी उभारायचा असेल तरच नोंदणी करावी. तोपर्यंत मेळाव्याची वर्गणी एकाच्या वैयक्तिक खात्यात न ठेवता दोन-तीन जणांच्या संयुक्त खात्यात ठेवावी आणि खर्चाचा तपशील आठवडाभरात सर्वांना कळवावा. शाळा चालवणारी संस्था अजून अस्तित्वात असेल, तर शाळेचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्यास तिची लेखी संमती घ्यावी.

उत्तर 3 : माजी विद्यार्थी, ओझर

आमच्या शाळेचेही असेच झाले. वर लिहिलेल्या यादीला मी जुन्या फोटोंची जोड देईन. वर्गाचा समूहफोटो दाखवला की माणसे आपणहून नावे सांगू लागतात आणि यादीतले रिकामे रकाने भरत जातात. फोटो व्हॉट्सॲपवर साधेपणाने पाठवल्यास त्याचा दर्जा घटतो आणि मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कोण कोठे उभे आहे हे ज्येष्ठ शिक्षकांकडून लवकर लिहून घ्यावे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

व्हॉट्सॲपच्या एका गटात 1024 सदस्य बसतात, तरीही सर्वांना एकाच गटात कोंबू नये. रोजच्या शुभेच्छा आणि राजकीय मजकूर सुरू झाले की वयस्कर शिक्षक पहिले बाहेर पडतात. वर्षांनुसार गट तसेच राहू द्यावेत, प्रत्येक गटातून एक प्रतिनिधी घ्यावा आणि केवळ सूचनांसाठी एक वेगळा गट ठेवावा, ज्यात प्रतिनिधींनाच लिहिता येईल. भेटीसाठी दिवाळीची सुटी सोयीची पडते, कारण बाहेरगावचे लोक तेव्हा घरी असतात. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र काहीही ठरवू नका. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत शहरात वाहन नेणे आणि बाहेरच्यांना खोली मिळणे, दोन्ही कठीण होईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. आमचे शिपाईमामा साधा फोनही वापरत नाहीत आणि आमच्या दोन शिक्षिकांना आता कमी ऐकू येते. अशा व्यक्तींपर्यंत सूचना कशी पोहोचवावी?

उत्तर 1 (पुन्हा) : निवृत्त मुख्याध्यापक, पंचवटी

अशा प्रत्येक व्यक्तीसाठी जवळ राहणारा एक माजी विद्यार्थी नेमून द्यावा आणि त्याचे नाव यादीत त्या व्यक्तीच्या नावासमोर लिहावे. फोन किंवा पत्रावर अवलंबून न राहता त्याने संक्रांतीला आणि गुरुपौर्णिमेला घरी जाऊन यावे, पत्ता बदलला असल्यास यादीत दुरुस्ती करावी, आणि मेळाव्याच्या दिवशी त्यांना सोबत आणून घरी परत पोहोचवण्याची जबाबदारीही त्याचीच असावी. घरच्या माणसांचा संपर्क क्रमांक त्यांच्या संमतीने घेऊन ठेवावा. हे काम हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला अडचण आली तर कोण जाईल, तेही आत्ताच ठरवून लिहून ठेवा.