अनुभव धागा: प्रोग रॉक, प्रोग मेटल (लांबलचक गाणी, बदलते ताल) आणि आपण इंदूरकर. हे वेड कुठून लागलं?

मालवी मेलोट्रॉन
परवा रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूचा कंद तळणाऱ्या पोराच्या अंगात काळा टी-शर्ट, छातीवर ओपेथ या मेटल बँडचा तो वेलबुट्टीचा ओ. मी भर गर्दीत ओरडलो, "भिया, ब्लॅकवॉटर पार्क!" त्याने मान वर न करता विचारलं, "मसाला तेज डालूँ?" टी-शर्ट राजवाड्यापाशी हातगाडीवर घेतलेला. बँडबिंड काही माहीत नाही. बायको अजून हसतेय.

पण घरी आल्यावर ते कॉलेजचे दिवस आठवून झोप उडाली. एका सीनियरने कॉपी केलेली सीडी दिली होती, वर स्केचपेनने "स्लो इंग्लिश" लिहिलेलं. मला वाटलं प्रेमगीतं असतील. निघाला ओपेथचा 2001 चा अल्बम, ब्लॅकवॉटर पार्क. शीर्षकगीतच बारा मिनिटांचं. माणूस आधी गुरगुरतो, मग सगळं थांबून नुसती गिटार झिरपत राहते, मग तोच माणूस चक्क सुरात गातो. हेडफोन काढून सीडी तपासली, दोन वेगळी गाणी चिकटलीत की काय म्हणून.

तर सांगा. कोणता बँड, कुणी दिला, आणि आज नव्याने ऐकणाऱ्याला पहिलं काय द्याल? नुसती यादी नको, यादी गूगलवरही मिळते.

पोहे जिरावण
ड्रीम थिएटर. विषय संपला.

पोहे जिरावण
बरं, नीट लिहितो, आता लाइट आले. हॉस्टेलला डीसी++ हे फायली वाटायचं सॉफ्टवेअर होतं, सगळ्यांच्या हार्डडिस्क एकमेकांना उघड्या. एकाच्या फोल्डरचं नाव "असाइनमेंट फायनल", आत सीन्स फ्रॉम अ मेमरी, 1999 चा. पूर्ण अल्बम म्हणजे एक खुनाची गोष्ट, पुनर्जन्म वगैरे. आम्ही पाच जण रात्रभर कोण कुणाचा खुनी यावर भांडलो, सकाळी इंजिनीअरिंग मेकॅनिक्सचा पेपर. त्याबद्दल पुढे विचारू नका.

2010 ला ड्रमर पोर्टनॉय बँड सोडून गेला तेव्हा सुतक पाळलं, 2023 ला परत आला तेव्हा छप्पन दुकानला सगळ्यांना जॉनी हॉट डॉग. बायको म्हणाली, प्रमोशन झालं का?

नव्या माणसाला इमेजेस अँड वर्ड्स (1992) द्या. ऐशीच्या दशकातलं हेअर-मेटल आवडणाऱ्यालाही चालतं.

रामबागची नात
आमच्या आजोबांकडे उस्ताद अमीर खाँच्या बैठकांच्या आठवणी होत्या, आम्हाला त्या रोज संध्याकाळी औषधासारख्या मिळत. विलंबित झूमरा, चौदा मात्रा, आणि मात्रा इतक्या लांब की मधे आजी चहा टाकून येई. मी अकरावीत पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून (1973) लावला. मनी हे गाणं सुरू झालं, नाणी खणखणली, आजोबा खुर्चीत सरसावले. मला वाटलं आता रेडिओ बंद करायला सांगणार.

त्यांनी मांडीवर हात ठेवला. सात. पुन्हा सात. "हा रूपक आहे की, फक्त सम वेगळ्या जागी धरलीय." सॅक्सोफोन संपेपर्यंत हात चालूच. मग गिटारचा सोलो आला आणि आजोबांचा हात थांबला. "आता चारात का गेले? घाबरले का?" खरंच तो भाग चारात आहे, पुढे परत सातात येतो. मी ते गाणं शंभरदा ऐकलं होतं, कधी कळलं नव्हतं.

त्यानंतर मी काहीही लावलं की आधी मात्रा मोजायच्या आणि मग नावं ठेवायची. किंग क्रिमसनला त्यांनी "अभ्यासू पण तापट" म्हटलं. माझ्या मते 1969 च्या त्या पहिल्या अल्बमचं याहून चांगलं परीक्षण कुणी केलेलं नाही.

मालवी मेलोट्रॉन
@रामबागची नात "घाबरले का" 😂 आजोबांना साष्टांग नमस्कार.

एबी रोड
गराडू आत्ता? थंडी तर अजून पडली नाही. कुठल्या गल्लीत, चौपाटीच्या तोंडाशी का?

मालवी मेलोट्रॉन
@एबी रोड हो, तोंडाशीच. कच्चे होते थोडे.

सुदामानगरची आई
मी इथे चुकून आले बहुतेक. पण विचारते. माझा मुलगा बारावीत आहे, दार लावून हेच ऐकतो. ते गुरगुरणं मला सहन होत नाही, पण त्याला काय आवडतं ते कळावं असं वाटतं. कुठून सुरू करू? पोळ्या करताना ऐकता येईल असं सांगा.

मालवी मेलोट्रॉन
ताई, ओपेथचाच डॅमनेशन, 2003 चा. एकदाही गुरगुरणं नाही. पहिलं गाणं विंडोपेन. निर्मितीत पॉर्क्युपाइन ट्रीचा स्टीव्हन विल्सन आहे आणि त्याने त्यात भरपूर मेलोट्रॉन वाजवलाय.

सुदामानगरची आई
मेलोट्रॉन म्हणजे?

मालवी मेलोट्रॉन
माझं नाव 😀 जुनं कीबोर्डासारखं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर बासरी किंवा व्हायोलिनचा खरा सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत फिरते. आठेक सेकंदांत फीत संपते, म्हणून सूर कायमचा धरून ठेवता येत नाही. आणि फितीमुळे त्याचा आवाज किंचित थरथरतो, जुन्या आकाशवाणीसारखा. किंग क्रिमसन, जेनेसिस, सगळ्यांनी वापरलं.

तिलकनगर काका
तुम्ही मुलं 2001 ला जुनं म्हणता, मौज वाटते. आमचा मावसभाऊ लंडनला होता. सत्तरच्या दशकात सुट्टीवर येताना जेथ्रो टल बँडची थिक ॲज अ ब्रिक (1972) ही रेकॉर्ड घेऊन आला. दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं. कव्हर म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र, त्यात खोट्या बातम्या, खोट्या जाहिराती. वडिलांनी ते तासभर गंभीरपणे वाचलं आणि म्हणाले, "तिकडेही काही खरं नाही."

गाणारा बासरी वाजवतो आणि तीही एका पायावर उभा राहून. आईला त्याचा फोटो दाखवला तर तिने विचारलं, नवस फेडतोय का.

येस बँडचा क्लोज टू द एज त्याच वर्षीचा. त्यातलं पहिलं गाणं अठरा मिनिटांहून मोठं. कव्हरवरची रॉजर डीनची चित्रं बघायला मुलं येत आणि गाणं सुरू झालं की घरी जात. मेटल मात्र आम्हाला झेपत नाही. महाविष्णू ऑर्केस्ट्रा ऐका, द इनर माउंटिंग फ्लेम, 1971. त्यातला गिटारवाला मॅक्लॉफ्लिन म्हणजे पुढे तबलावादक झाकिरभाईंबरोबर शक्ती या बँडमध्ये आला तोच. शक्तीला 2024 मध्ये ग्रॅमी मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकिरभाई गेले. असो.

पोहे जिरावण
काका, ती रेकॉर्ड अजून आहे?

तिलकनगर काका
रेकॉर्ड आहे. वर्तमानपत्र रद्दीत गेलं. कुणी दिलं ते घरात अजून कबूल झालेलं नाही.

धा तिरकिट
क्लास संपला, आता लिहितो. मी तबल्यावरून ड्रम्सवर आलो. टूल या बँडमुळे. त्यांचा ड्रमर डॅनी कॅरी तबलाही शिकलाय, आणि ते ऐकू येतं. लॅटरलस (2001) या गाण्यात कडव्याची अक्षरं फिबोनाची मालिकेप्रमाणे, 1, 1, 2, 3, 5, 8 आणि परत खाली. ध्रुवपदाचा ताल 9, मग 8, मग 7. आणि 987 हीसुद्धा त्याच मालिकेतली संख्या. माझ्या गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "गणित बरोबर आहे. रंगतं का ते सांग." रंगतं.

मेशुगा या मेटल बँडबद्दल लोकांचा गैरसमज असतो की सगळं आडमुठं आहे. उजवा हात ऐका. झांज बहुतेक वेळा सरळ चारात चाललेली असते. गिटार आणि पाय मिळून दुसऱ्याच लांबीचा तुकडा फिरवत राहतात, तो सरकत सरकत जातो आणि ठरलेल्या जागी कापून पुन्हा समेवर आणतात. एकदा झांजेवर मान डोलवायला लागलात की हरवत नाही. 2008 चं ब्लीड वाजवून बघितलं, पोटऱ्यांना अजून आठवतं. त्यांचा ड्रमर टोमास हाके माणूस नाही.

घरमालकांनी तळघर दिलंय, अट एवढीच की सकाळी कचरागाडी येऊन गेल्यावरच वाजवायचं. एकदा आधी सुरू केलं तर बाहेर गाडीचं स्वच्छतेचं गाणं, आत मी सातात. दोन्हींची सम एकदा खरंच जुळली, शप्पथ.

एबी रोड
कचरागाडीचं गाणं + मेशुगा = इंदूरचा खरा प्रोग 🤘

रामबागची नात
@धा तिरकिट रश बँडचं वायवायझी हे गाणं कसं मोजायचं? मी दहा धरते पण झपताल बसत नाही.

धा तिरकिट
बसणारच नाही, ताई. वायवायझी हा टोरांटो विमानतळाचा कोड, आणि सुरुवातीचा ठोका म्हणजे तोच मोर्समध्ये. डॅश दोन, डॉट एक धरा. वाय = 7, वाय = 7, झेड = 6. एकूण 20, त्याचे निम्मे म्हणजे तुमचे 10. झपतालाचे 2-3-2-3 तुकडे त्यात पडत नाहीत.

धा तिरकिट
थांबा थांबा. आपल्या विमानतळाचा आयडीआर करून बघितला. आय = 2, डी = 4, आर = 4. एकूण 10! टोरांटोच्या बरोब्बर निम्मा. आज रात्री हेच वाजवणार.

पोहे जिरावण
भिया तू झोपत जा.

पुण्यातला इंदूरकर
2009 च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री आले होते. आम्ही अवंतिकेने गेलो, जनरलच्या डब्यात, एकाने सोबत अर्धा किलो शेव घेतलेली, ती उज्जैनलाच संपली. त्यांचा फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट हा अल्बम पाठ होता. आजूबाजूला हजारो मुलं तेच शब्द म्हणतायत हे बघून पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही. इंदुरात तोवर आमचं सगळं मंडळ एका स्कूटरवर मावत होतं.

आपलेही ऐका रे. मदरजेन, कोचीचे, मक्तूब 2008: गिटार कर्नाटकी गमक घेते. अगम आणि प्रोजेक्ट मिश्रम, दोन्ही बंगळूरचे. स्कायहार्बर, गायडिंग लाइट्स, 2014. हिंदीत हवं तर मुंबईच्या कोशिशचा फिरदौस, 2013. आणि इंदूरचं निकोटिन विसरू नका. प्रोग नाही, सरळ हेवी मेटल, पण 2006 मध्ये आपल्या गावात बँड काढायचा म्हणजे छातीच लागते.

बिनझोप
स्लीप टोकन बँडचं नाव कुणीच नाही घेतलं?? 2025 चा ईव्हन इन आर्केडिया ऐका.

पोहे जिरावण
ते प्रोग नाही. मुखवटे घातलेलं पॉप आहे.

बिनझोप
दादा, तुमच्या ड्रीम थिएटरमध्ये कीबोर्डवाला सात मिनिटं बोटांचा व्यायाम करतो, ते प्रोग?

पोहे जिरावण
हो, तेच.

रामबागची नात
भांडू नका. हेकन बँड ऐका, द माउंटन, 2013. त्यातल्या कॉक्रोच किंग गाण्यात इतके आवाज एकमेकांवर रचलेत की दोघांचंही समाधान होईल.

अन्नपूर्णा रोड
माझ्या सासूबाईंनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच मेटल बँड पाहिला. खिडक्यांत मुंडकं हातात घेतलेल्या बायका, भिंतीवर टांगल्यासारखे गिटारवाले, आग. मी घाबरत चॅनल बदलायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, आपल्या छिन्नमस्तेसारखं आहे. त्याच गाण्याला पुढे ग्रॅमी मिळाला हे सांगितलं तर म्हणाल्या, मिळणारच. आता पाहुणे आले की सांगतात, "आमच्याकडे गोजिरा ऐकतात." साजिरा-गोजिरामधला समजून लोक माना डोलावतात.

तिलकनगर काका
सानंद संस्थेच्या पुढच्या नाटकाला कुणाचा एक पास जास्तीचा आहे का? इथे विचारू नये, पण एवढी मराठी माणसं एकत्र दिसली.

अन्नपूर्णा रोड
काका, आमचा आहे, शनिवारचा. मेसेज करते.

सुदामानगरची आई
डॅमनेशन ऐकला. दोन पोळ्या करपल्या पण आवडला. उदास आहे, पण रडका नाही. मुलाला जेवताना म्हटलं, विंडोपेनमधली गिटार छान आहे. तो घास हातात धरून बघतच राहिला. मग म्हणाला, "आई, तो तर लहान मुलांचा अल्बम आहे," आणि ताट घेऊन खोलीत गेला. पण दार उघडं ठेवलं होतं. पुढचं काय देता?

मालवी मेलोट्रॉन
ताई, आता कॅमलचा द स्नो गूज, 1975. शब्दच नाहीत. मग पोलंडच्या रिव्हरसाइडचा सेकंड लाइफ सिंड्रोम. त्यात थोडं ओरडणं आहे, आधी सांगून ठेवतो.

सुदामानगरची आई
थोडं चालेल.

बिनझोप
एक कामाचं: आठ तारांच्या गिटारीच्या तारा जेल रोडला मिळतात का? दोन दुकानांत विचारलं, ते म्हणाले सहाच असतात.

धा तिरकिट
तयार संच मी तरी इथे पाहिला नाही. आमचा गिटारवाला सहाचा जाड संच घेतो आणि खालच्या दोन सुट्या ऑनलाइन मागवतो. सर्वांत खालची 74 किंवा 80 जाडीची घे, त्याहून बारीक घेतलीस तर सैल पडून नुसती फडफडते. आणि खुंटीचं भोक आधी मोज.

बिनझोप
मोजतो. थँक्यू दादा. रविवारी तळघरात येऊ का?

धा तिरकिट
ये. दहानंतर. गाडी गेल्यावर.