पर्सनल लोनचा एजंट ३ टक्के वेगळे मागतोय, द्यायचे असतात का? (मदत हवी आहे)

लालबागकर_८८: लवकर सांगा कोणीतरी, संध्याकाळी तो परत फोन करणार आहे. ४ लाखाचं लोन केलं, एजंट म्हणतो फाइलचे माझे १२,००० द्या आणि ते पण रोख. बँकेने आधीच कापलेत ना, मग हे परत कसले? बहिणीचं लग्न तोंडावर आहे, डोकं चालत नाहीये.

मीठभाकर: बँक, एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) की अ‍ॅप? पैसे खात्यात आलेत की नुसतं सँक्शन झालंय? नेमकं तेवढंच लिहायचं राहिलंय बघ.

पतपेढी_जिंदाबाद: म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून घ्या. दोन जामीनदार, एक फॉर्म, एजंट वगैरे भानगडच नाही.

मीठभाकर: आणि ज्याच्या ऑफिसात सोसायटी नाही त्याने काय करायचं काका?

लालबागकर_८८: प्रायव्हेट बँक आहे, नाव नको. पैसे काल आले, ३,८४,३६०. ४ लाखाचे एवढेच! परळला उडप्याकडे बसून सह्या केल्या, त्याने माझ्या पॅनच्या झेरॉक्सच्या मागे पेनाने १२ टक्के लिहून दाखवलं, बस, एवढंच बोलणं झालं.

चाळीतला_गणित्या: १२ टक्के फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावरच व्याज)? ३ वर्षांना फ्लॅट असेल तर हप्ता १५,१११ बसेल आणि खरा दर २१ च्या वर जातो. तुझा हप्ता किती आहे ते टाक आधी.

गावस्कर_मामा: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग रेटच्या (बदलत्या व्याजदराच्या) वैयक्तिक लोनला मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मीठभाकर: मामा, त्याने विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्डच असतं.

जुना_डीएसए: मी सहा वर्षं हेच काम केलंय, डीएसए म्हणजे बँकेसाठी लोनची गिऱ्हाइकं आणणारा एजंट. लोन डिसबर्स झालं, म्हणजे पैसे खात्यात आले, की पेआउट (कमिशन) आम्हाला बँक देते, गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नसतं. काही ब्रोकर अवघड फाइलला कन्सल्टन्सी म्हणून घेतात, पण ते आधी ठरवून, लेखी. पैसे आल्यावर रोख मागणं म्हणजे चहापाणीच झालं.

पतपेढी_जिंदाबाद: सगळे डीएसए असंच म्हणतात, "आम्ही नाही घेत".

जुना_डीएसए: काका, तुमच्या सोसायटीत शेअर्सचे पैसे कापत नाहीत का?

मीठभाकर: भांडण नंतर. लालबागकर, बँकेच्या मेलमध्ये की फॅक्ट स्टेटमेंट शोध, केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नवीन रिटेल लोनला ते द्यावंच लागतं, सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, त्यात असतो. जे त्यात नाही ते बँक तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय घेऊ शकत नाही.

लालबागकर_८८: सापडलं! प्रोसेसिंग २ टक्के म्हणजे ८,०००, त्यावर जीएसटी १,४४०. आणि इन्शुरन्स ६,२००?? हे तर कोणी बोललंच नव्हतं, एक ओटीपी मागितला होता तेवढा दिला. एजंटचे १२,००० कुठेच नाहीत. हप्ता १३,२८६, ३६ महिने.

चाळीतला_गणित्या: मग रिड्युसिंगच आहे, तेवढ्यात तरी वाचलास. पण हातात ३.८४ आले आणि व्याज ४ वर, म्हणून एपीआर १२ च्या वर दिसेल.

लालबागकर_८८: पण तो म्हणतो नाही दिले तर सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब करेन, लोन पण कॅन्सल करेन.

जुना_डीएसए: त्याच्या हातात काही नाही. सिबिलला माहिती बँक पाठवते, तू हप्ते वेळेवर भर म्हणजे झालं. बँकेत लेखी तक्रार कर, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोड. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) जा. इन्शुरन्सच्या कागदावर फ्री लुकची मुदत बघ, बहुतेक ३० दिवस असते, त्यात परत करता येतो.

गावस्कर_मामा: लग्न कुठे आहे? दादरला हॉल मिळाला का? आमच्या मुलीच्या वेळी वर्षभर आधी बुकिंग करावं लागलं होतं.

लालबागकर_८८: हॉल चिंचपोकळीला मिळालाय मामा. एजंटचा फोन आला आत्ता, म्हटलं केएफएसमध्ये दाखव, मग देतो. "नंतर बघू" म्हणून ठेवला त्याने. इन्शुरन्सचा मेल टाकतोय आता.