मदत हवी आहे: मुलाला लहान कॉलेजची बास्केटबॉल ऑफर, रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय

सई_प्लेनो
नमस्कार, घाईत लिहितेय. मुलाला बास्केटबॉलसाठी एका लहान, पण डिव्हिजन वन म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या कॉलेजने पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली आहे, वर एनआयएलचे (खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याबद्दलचे) पैसे. एका खूप मोठ्या कॉलेजचीही ऑफर आहे, टीव्हीवर दर आठवड्याला दिसणाऱ्यातलं. लहान कॉलेजचे कोच रविवारपर्यंत काय ते सांगा म्हणतात. मुलाचं मन लहानाकडे आहे, नवरा मोठ्यासाठी अडून बसलाय. रँकिंग देशात पहिल्या शंभरात आहे, चार स्टार. एवढं रँकिंग असताना लहान कॉलेजात जाणं म्हणजे हातचं घालवणं आहे का? कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. "अभ्यास आधी" हा सल्ला नको, तो घरात रोज मिळतो.

हूपवेडा
अभिनंदन! पण माहिती फार कमी आहे हो. मुलगा ज्युनियर (अकरावी) की सिनियर (बारावी)? उंची किती, कुठल्या जागेवर खेळतो? लहान म्हणजे किती लहान, अटलांटिक 10 (ए-10) सारखी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, की त्याच्याही खालची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या कॉलेजची ऑफर कमिटेबल आहे का? म्हणजे आज फोन करून "आम्ही येतो" म्हटलं तर ते "या" म्हणतील का? ऑफर तोंडी दहा जणांना देतात, जागा एकच असते.

सई_प्लेनो
सिनियर. सहा फूट सात इंच, विंग म्हणजे बाजूने खेळणारा. कॉन्फरन्स ए-10 च्या खालची. ऑफर आहे म्हणजे आहेच, कोच स्वतः घरी येऊन गेले.

ठाण्याचे_नाना
मुलाचे कौतुक! भारतात यायचा विचार असेल तर डासामधून (परदेशात शिकलेल्यांसाठीची प्रवेश योजना) एनआयटीचा अर्ज जरूर भरा. माझ्या पुतण्याने भरला होता. खेळ चार वर्षांचा, डिग्री जन्माची.

एडिसनकर
सई ताई, मी न्यू जर्सीत राहतो आणि इथे 2022 मध्ये काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स हे लहान कॉलेज, मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत 15 वं सीडिंग म्हणजे जवळजवळ तळाचं मानांकन, केंटकीला हरवलं, पर्ड्यूला हरवलं, एलिट एटपर्यंत (शेवटच्या आठांत) गेलं. 15 व्या सीडचा संघ तिथवर त्याआधी कधीच पोचला नव्हता. रस्त्यावर मोरांची (त्या संघाचं चिन्ह) चित्रं लागली होती. आणि मग? कोच शाहीन हॉलोवे काही दिवसांत सीटन हॉलला गेले आणि पोरं पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी) पांगली. पुढच्या वर्षी फेअरली डिकिन्सन या लहान कॉलेजने पर्ड्यूला हरवलं, त्यांचे कोच टोबिन अँडरसनही लगेच आयोनाला गेले. लहान कॉलेजात तुम्ही कोचसाठी जाता आणि कोच यशस्वी झाला की तोच जातो. माझं मत, मोठं कॉलेज.

हूपवेडा
@एडिसनकर, कोच मोठ्या कॉलेजातूनही जातात, काढलेही जातात. हे कारण दोन्हीकडे लागू आहे.

सई ताई, प्रश्नाच्या मुळाशी येतो. पूर्वी पहिल्या शंभरातला मुलगा लहान कॉलेजला मिळायचा तो बहुतेक घरच्या नात्यामुळे. इंडियानाचा मिस्टर बास्केटबॉल, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू, ब्राइस ड्रू 1994 मध्ये व्हॅल्परायझोला गेला, कारण वडील होमर ड्रू तिथे कोच होते. आता चित्र बदललंय. 2021 पासून कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही आणि 2024 पासून कितीही वेळा बदलता येतं. त्यामुळे मोठ्या कॉलेजांना अठरा वर्षांच्या पोरापेक्षा बावीस-तेवीस वर्षांचा, दोनशे-तीनशे शॉट मारून सिद्ध झालेला खेळाडू परवडतो. शाळकरी मुलांच्या जागा आटल्या आणि पूर्वी ड्यूक-कॅन्ससखेरीज कोणाकडे न बघणारी मुलं खालच्या कॉन्फरन्सच्या कोचचा फोन उचलू लागली. लहान कॉलेजं हे ओळखून आहेत. ती दहावीपासूनच मुलाच्या मागे लागतात, त्याच्या एएयू (शाळेबाहेरच्या क्लब बास्केटबॉलच्या) कोचशी संबंध ठेवतात आणि "पहिल्या दिवसापासून चेंडू तुझ्या हातात" हे वचन देतात. मोठ्यांना ते देता येत नाही.

म्हणून विचारतो, लहान कॉलेजने पहिला फोन कधी केला होता? आणि मोठ्याने?

सई_प्लेनो
लहान कॉलेजचे असिस्टंट कोच दहावीनंतरच्या 15 जूनलाच, नियम उघडल्या दिवशी सकाळी बोलले. मोठ्यांनी या उन्हाळ्यात, ईवायबीएल या क्लब लीगमधला त्याचा खेळ बघून. कॉलेजांची नावं लिहिणार नाही, मुलाने मना केलंय.

मृण्मयी_के
मोठे उन्हाळ्यात घरी आले आणि रविवारची मुदत लहानाची? मग मोठ्यांना सरळ विचारा ना. आमच्या भाच्याच्या वेळी एका मोठ्या कॉलेजने "तू आमच्या यादीत अगदी वर आहेस" असं एप्रिलपर्यंत म्हटलं. एप्रिलमध्ये पोर्टलमधून दोन जण आले आणि फोन बंद. तोवर बाकीच्या जागा भरल्या होत्या. आता तो डिव्हिजन टूमध्ये अर्ध्या स्कॉलरशिपवर आहे, छान खेळतोय, पण घरच्यांचं ते वर्ष फार वाईट गेलं.

डॉ_कुलकर्णी_ऑर्थो
विंगसाठी गुडघे फार जपावे लागतात. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या पटेलर टेंडनवर ताण येतो. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आपल्या लोकांत कमी असतं. वर्षभर एएयू खेळतो का? विश्रांतीचे महिने ठरवले आहेत का?

सई_प्लेनो
डॉक्टर, धन्यवाद, पण आत्ता तो प्रश्न नाही. मृण्मयी, आज नवऱ्याने मोठ्या कॉलेजला फोन केला. ते म्हणाले "आम्हाला तो हवाय, पण अंतिम जागा वसंतात कळेल." म्हणजे काय?

हूपवेडा
म्हणजे कमिटेबल नाही. पोर्टल उघडल्यावर काय हाती लागतं ते बघून ठरवणार. कॉलेजांनी खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाऊस खटल्याच्या तडजोडीनंतर, 2025 च्या जुलैपासून, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना संघात जास्तीत जास्त 15 खेळाडू. त्यातली एक खुर्ची तुमच्या मुलासाठी वसंतापर्यंत रिकामी ठेवू, असं कोणी म्हणत नाहीये.

एडिसनकर
एवढ्या घाईने निष्कर्ष नको. थांबण्यातही फायदा असतो. आणि तुम्ही लहान कॉलेजची फक्त गोड बाजू सांगताय. पॅट्रिक बाल्डविन ज्युनियर विसरलात? 2021 मध्ये देशातल्या पहिल्या दहांत, ड्यूक मागे होतं, आणि गेला वडिलांच्या मिलवॉकीला. 11 सामने खेळला, दुखापत, सरासरी 12.1 गुण, संघ 10 विजय आणि 22 पराभव, वडिलांची नोकरी गेली. मकूर मेकर पाच स्टार असून 2020 मध्ये केंटकी आणि यूसीएलए सोडून हॉवर्डला गेला, केवढा इतिहास घडला म्हणत होते सगळे. दोन सामने. मग दुखापत, मग कोविडने हंगामच रद्द.

हूपवेडा
बाल्डविनची दुखापत मिलवॉकीमुळे झाली नाही, आणि एवढं होऊनही एनबीएच्या (व्यावसायिक लीगच्या) निवडीत वॉरियर्सनी त्याला 2022 मध्ये पहिल्याच फेरीत 28 वा घेतला. मेकरचं म्हणाल तर कोविडने सगळ्यांचंच वर्ष खाल्लं. मी त्या निर्णयाला आजही मान देतो. एका ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजला आपलं नाव द्यायचं हे त्याने अठरा-एकोणीस वर्षांचा असताना ठरवलं. पण दोन्ही उदाहरणांतून एक शिका: लहान कॉलेजात सगळा भार एकाच पोरावर येतो. बाजूला कोण खेळणार हे विचाराच. शेजारी गार्ड नसेल तर विंगला चेंडूच मिळत नाही, मग चार स्टार असोत की पाच.

भीमथडी
स्टीफन करी डेव्हिडसनचा. डेमियन लिलार्ड वीबर स्टेटचा. जा मोरँट मरे स्टेटचा, 2019 ला एनबीएच्या निवडीत दुसरा. एनबीएतले हे तिघे लहान कॉलेजांचे. अजून काय पुरावा पाहिजे?

एडिसनकर
@भीमथडी, ते तिघेही शाळेत असताना कोणाला फारसे नको होते! करीला व्हर्जिनिया टेकने, जिथे वडील खेळले, स्कॉलरशिपशिवाय या म्हटलं होतं. इथे प्रश्न उलटा आहे. ज्याला मोठे विचारताहेत त्याने लहानाकडे जावं का, हा.

भीमथडी
मग एनबीएचा दिग्गज लॅरी बर्ड घ्या. 1974 मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला, महिना पुरा व्हायच्या आत घरी परतला. पुढे इंडियाना स्टेट. 1979 च्या फायनलपर्यंत 33 सामने, एकही हरला नाही, फक्त शेवटचा मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून. मोठ्या जागेत घुसमटणारी मुलं असतात. तुमचा मुलगा कसा आहे हे इथे कोणीच विचारलं नाही.

पुणेरी_आई
माझा मुलगा आठवीत आहे, 5 फूट 10. इथे डेक्कनजवळ प्रॅक्टिसला जातो. अमेरिकेत कॉलेजला खेळायला जायचं तर आत्तापासून काय करावं? शिरीन लिमये पुण्याचीच ना, भारताची कर्णधार झाली, पण मुलांसाठी मार्ग काय?

हूपवेडा
@पुणेरी_आई, वेगळा धागा काढा, नक्की लिहीन. तूर्त एवढंच, भारतातून मुलगे गेले आहेत. पंजाबचा अमान संधू इकडे मॉनमथमध्ये खेळला. आत्तापासून नववी ते बारावीचे विषय आणि मार्क सांभाळा. एनसीएएला (कॉलेज खेळांची नियामक संस्था) डिव्हिजन वनसाठी 16 कोअर विषय लागतात, त्यांत 2.3 जीपीए.

सिम_भुल्लर_फॅन
विंग असो की सेंटर, आपल्या वंशाचं पोरगं म्हटलं की सिम भुल्लर आठवतो. त्याने आधी झेवियरला होकार दिला होता, मग न्यू मेक्सिको स्टेटला गेला. तिथे कॉन्फरन्स स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा. 2015 मध्ये सॅक्रॅमेंटोकडून एनबीएत उतरला, भारतीय वंशाचा पहिला.

वकीलसाहेब_ह्यूस्टन
सई ताई, एक प्रश्न अजून कोणी विचारला नाही. मुलाचा इमिग्रेशन स्टेटस काय? तुम्ही एनआयएलचे पैसे लिहिलेत म्हणून विचारतो.

सई_प्लेनो
आम्ही एच-1 (नोकरीचा व्हिसा) वर आहोत, तो एच-4 (कुटुंबीयांचा) वर. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. त्याचा इथे काय संबंध?

वकीलसाहेब_ह्यूस्टन
फार मोठा संबंध आहे. एच-4 वरच्या मुलांना काम करायची परवानगी नाही. वर्क परमिट एच-4 जोडीदाराला काही अटींवर मिळतं, मुलांना नाही. एनआयएल म्हणजे जाहिरात, सही, शिबिरात हजेरी, याचे पैसे, आणि हे काम समजलं जाऊ शकतं. शिवाय 21 पूर्ण झाल्यावर एच-4 संपतो. मुलाचं वय गोठवायचं सीएसपीए कायद्याचं गणित असतं, पण भारताची रांग बघता बहुतेकांना एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. एफ-1 वरही कॅम्पसबाहेर काम चालत नाही, म्हणून परदेशी खेळाडू या बाबतीत फार जपून असतात. नियम मोडला असं ठरलं तर स्टेटस जातो, आणि पुढे ग्रीन कार्डवरही सावली पडते.

तेव्हा लहान कॉलेजने देऊ केलेल्या रकमेतून एनआयएल वजा करा आणि मग तुलना करा. कोणतीही सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा, खेळाचा एजंट नव्हे. पैसे कोण देणार हेही लेखी विचारा. कॉलेज स्वतःच्या वाट्यातून देणार की बाहेरची मंडळी? बाहेरच्यांचा 600 डॉलरच्या वरचा प्रत्येक करार एनआयएल गो या नोंदणीच्या वेबसाइटवर नोंदवावा लागतो, म्हणजे लपून काही राहत नाही.

सई_प्लेनो
हे कोचनी सांगितलंच नाही. त्यांना आमचा व्हिसा माहीतच नाही बहुधा. स्कॉलरशिपलाही अडचण आहे का??

वकीलसाहेब_ह्यूस्टन
शिक्षणाच्या खर्चाच्या स्कॉलरशिपला अडचण नाही. ट्यूशन, पुस्तकं यांवर कर नाही, राहण्या-जेवणाच्या भागावर लागतो, ते सीपीएला विचारा.

प्रा_देशपांडे
एच-4 आहे तर आयव्ही लीगचा विचार का नाही? तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत. हार्वर्डला टॉमी अ‍ॅमेकर यांनी चार स्टारची मुलं आणली आहेत. एनआयएलचा प्रश्नच येत नाही.

हूपवेडा
प्राध्यापक, तिथेही तीच गळती आहे. हार्वर्डचा मलिक मॅक जॉर्जटाउनला गेला, येलचा डॅनी वुल्फ मिशिगनला, प्रिन्स्टनचा झेवियन ली फ्लोरिडाला. आणि आयव्ही तडजोडीत सामील झालीच नाही. शिवाय त्यांनी विचारलेलं नाही. रविवार तोंडावर आहे.

मृण्मयी_के
ताई, भीमथडींचा प्रश्न मात्र खरा आहे. मुलगा लहानाकडे का झुकलाय? कारण सांगितलंय का त्याने?

सई_प्लेनो
सांगितलंय. लहान कॉलेजच्या प्रॅक्टिसला बसला होता, कोचनी त्याला मधेच बोलावून विचारलं "इथे तू काय केलं असतंस?" आणि ऐकून घेतलं. मोठ्या ठिकाणी त्याला जर्सी घालून फोटो काढायला उभं केलं. तो म्हणतो तिथे मी पहिली दोन वर्षं बाकावर बसेन आणि मग मला बदली करायला सांगतील.

एडिसनकर
हे आधी सांगायचंत. हे कारण मला पटतं. तरी एक बोलतो, 2025 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या स्वीट 16 मध्ये (शेवटच्या सोळांत) एकही लहान कॉन्फरन्सचा संघ नव्हता. सोळाच्या सोळा मोठ्या चार कॉन्फरन्सचे, त्यांतले सात एसईसी या एकाच कॉन्फरन्सचे. मार्चमध्ये टीव्हीवर दिसणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, हे मुलाला माहीत असू दे.

हूपवेडा
हे बरोबर आहे, मान्य. पण एनबीएचे लोक सांता क्लारात जाऊन जेलन विल्यम्सला बघून आले आणि 2022 मध्ये तो निवडीत 12 वा गेला. खेळायला मिळालं तर बघणारे येतात. चाळीसपैकी तीस मिनिटं मैदानात असणं हीच त्या वयातली खरी शिकवणी, यावर मी ठाम आहे.

रविवारपर्यंत कोचना एवढं विचारा: स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची, लेखी कधी देणार, दुखापत झाली तर चालू राहणार का. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने कॉलेजला लिहून द्यायचं बांधिलकीचं पत्र, 2024 मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करारच काय तो कागद. आणि कोचचा स्वतःचा करार किती वर्षं उरलाय, हे न लाजता विचारा. चांगले कोच रागावत नाहीत.

सई_प्लेनो
सगळ्यांचे आभार. आत्ताच फोन झाला. व्हिसाचं ऐकून लहान कॉलेजचे कोच थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले एनआयएल बाजूला ठेवू, आमच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून घेतो. रविवारची मुदत त्यांनी नोव्हेंबरात खेळाडूंच्या करारांवर सह्या होतात तोपर्यंत वाढवली. चार वर्षांचं लेखी देतील असं म्हणाले, अजून कागद आलेला नाही. वकिलांची वेळ मंगळवारची मिळाली आहे. नवरा अजून मोठ्याचंच नाव घेतोय, पण "वसंतात कळेल" हे त्यालाही बोचलंय.

हूपवेडा
कागद येईपर्यंत मुलाला सोशल मीडियावर काहीही जाहीर करू देऊ नका. आणि मोठ्या कॉलेजलाही नाही म्हणू नका.

ठाण्याचे_नाना
डासाची तारीख कळवू का?